चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर बाबासाहेब

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या घराघरांत पाठ आहे. २५ डिसेंबर १९२७ ही तारीखही लहान पोरे सांगतात. पण १७ मार्च १९३७ रोजी काय घडले असे विचारले, तर जयंतीच्या मंडपात भाषण ठोकणारे भलेभले वक्ते एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात. त्या दिवशी मुंबई हायकोर्टाने महाडच्या चवदार तळ्याचा दावा कायमचा निकालात काढला. तळ्याचे पाणी ओंजळीत घ्यायला एक दिवस पुरला. त्या ओंजळीवरचा हक्क कोर्टात टिकवायला नऊ वर्षे आणि तीन महिने लागले.

वकील बाबासाहेब हा विषय आपल्याकडे दोन वाक्यांत उरकला जातो. आज तोच सविस्तर मांडायचा आहे. कारण गावोगाव आपली माणसे स्मशानभूमीच्या, वतनी जमिनीच्या, पाणवठ्याच्या वाटेच्या दाव्यांत हरत आहेत. हक्क नसतो म्हणून हरतात असे नाही. पुष्कळदा हक्क असतो, पण तो दाखवणारा कागद कोर्टासमोर गेलेला नसतो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या पोटी जन्मलेले भीमराव १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथून लंडनला गेले, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ साली परत आले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवले आणि १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२२ मध्ये ग्रेज इनमधून ते बॅरिस्टर झाले. १९२३ च्या जुलैपासून त्यांनी मुंबई हायकोर्टात वकिली सुरू केली. सनदेसाठी लागणारे पैसेही जवळ नव्हते. नवल भथेना या पारशी मित्राने ते दिले. मोठे सॉलिसिटर अस्पृश्य बॅरिस्टरला काम देत नसत. म्हणून बाबासाहेबांनी जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टांतली कामे घेतली. गरिबाच्या दाव्याचे खरे मरण कुठे होते, हे त्यांना तिथे समजले असावे.

एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. कोर्टात दुसऱ्याच्या साक्षीदाराची उलटतपासणी घेण्याआधीच बाबासाहेब स्वतः साक्ष द्यायला बसले होते. १९१९ साली मताधिकारासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे त्यांनी आकडेवारीनिशी अस्पृश्यांची बाजू मांडली. १९२५ साली चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे ते तज्ज्ञ म्हणून गेले. साक्षीदाराला कुठे अडवतात, कुठला आकडा टिकतो आणि कुठले विधान पहिल्याच प्रश्नात कोसळते, हे त्यांनी खुर्चीच्या त्या बाजूने पाहिले होते.

आता महाडकडे येऊ. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांच्या पुढाकाराने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव झाला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरातच पडून राहिला. मार्च १९२७ मध्ये परिषदेची माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि परतताना त्यांच्यावर लाठ्या पडल्या. सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून तळे शुद्ध करून घेतले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपलाच ठराव रद्द केला. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह होणार हे जाहीर झाले, तेव्हा सनातनी लाठी बाजूला ठेवून कोर्टात गेले.

१२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा दाखल झाला. वादी म्हणून नरहरी दामोदर वैद्य आणि इतर स्पृश्य, प्रतिवादी म्हणून बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी. दावा प्रातिनिधिक होता. म्हणजे निकाल विरुद्ध गेला असता, तर तो केवळ नावे असलेल्या माणसांपुरता राहिला नसता, अस्पृश्य म्हणवल्या जाणाऱ्या सर्वांवर बांधला गेला असता. दोनच दिवसांत, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे ऐकायच्या आधीच.

२५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो माणसे तुरुंगात जायच्या तयारीने आली होती. मनुस्मृती जाळली गेली. पण तळ्यावर पाणी भरण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी पुढे ढकलायला लावला, आणि लोक तळ्याभोवती मिरवणूक काढून परतले. अनेकांना ते आवडले नव्हते. आजही काही मंडळी त्याला माघार म्हणतात. मला तसे वाटत नाही. मनाई हुकूम मोडला असता, तर पुढच्या प्रत्येक तारखेला हुकूम मोडणारे अशी ओळख घेऊन कोर्टासमोर उभे राहावे लागले असते, आणि तळे कोणाचे हा खरा प्रश्न बाजूला पडला असता. दोन महिन्यांनी, २३ फेब्रुवारी १९२८ रोजी, तो हुकूम उठला. मूळ दावा मात्र चालू राहिला.

वाद्यांचे म्हणणे दुहेरी होते. तळे आमच्या मालकीचे आहे, हे एक. आणि अनादी काळापासूनच्या रूढीने ते फक्त आम्हीच वापरायचे, अस्पृश्यांना वगळून, हे दुसरे. इथे पुराव्याच्या कायद्यातले पहिले सूत्र लक्षात घ्यावे लागते. जो हक्क सांगतो, त्याने तो शाबीत करायचा. १८७२ च्या कायद्यात हेच होते, आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हेच आहे. तळे आमचे आहे हे अस्पृश्यांना शाबीत करायचे नव्हते. तळे फक्त स्पृश्यांचे आहे हे वाद्यांना शाबीत करायचे होते. आपले लोक इथेच फसतात. समोरच्याने जे सिद्ध करायला हवे, ते खोडून काढण्याच्या घाईत स्वतःच नाही नाही ती विधाने करून बसतात, आणि त्याचा भार आपल्या डोक्यावर घेतात.

मालकीचा मुद्दा कागदाने संपवला. सार्वजनिक तळी नगरपालिकेकडे निहित होतात, असे १९०१ चा मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायदा सांगत होता. हायकोर्टात पोहोचेपर्यंत वाद्यांना मालकीचा आग्रह सोडून द्यावा लागला. नगरपालिकेचे ते दोन ठराव पाहा. १९२४ चा ठराव आपल्या बाजूचा, १९२७ चा आपल्या विरुद्ध. पण मला विचाराल तर विरुद्धचा ठरावही एका अर्थी आपल्याच कामाचा होता. जे आपल्या ताब्यात नाही त्याबद्दल ठराव करणार कोण, आणि रद्द करणार कोण? शत्रूच्या हातचा कागद फाडून टाकायचा नसतो, तो नीट वाचायचा असतो.

उरली रूढी. ८ जून १९३१ रोजी महाडच्या कोर्टाने निकाल दिला. रूढी जुनी आहे, हे त्या न्यायाधीशांनी मान्य केले. पण सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्याने वापरणाऱ्याला दुसऱ्याला अडवण्याचा कायदेशीर हक्क मिळत नाही, असे ठरवून दावा फेटाळला. वादी ठाण्याला अपिलात गेले. ३० जानेवारी १९३३ रोजी तिथेही हरले, आणि कारण आणखी खोलात गेले. रूढी अनादी असल्याचेच शाबीत झाले नाही, असे ठाण्याच्या न्यायाधीशांनी म्हटले. गावातला सर्वांत म्हातारा साक्षीदार आणला तरी तो साठ-सत्तर वर्षांमागचे सांगणार. तळे मात्र निदान अडीचशे वर्षे जुने, हे दोन्ही बाजूंना कबूल होते.

मग हायकोर्ट. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया. (१९२२ साली अहमदाबादेत गांधींना राजद्रोहाची शिक्षा देणारे ते हेच ब्रूमफील्ड.) त्यांनी आधी तळ्याचे वर्णन केले. चार-पाच एकरांचे पाणी, माणसाने खोदलेले नाही, पावसाने आणि झऱ्यांनी भरणारे. चहूबाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, पलीकडे स्पृश्यांची आणि काही मुसलमानांची घरे, दुकाने, देवळे, एका कोपऱ्यात मशीद. अस्पृश्यांची वस्ती जवळपास नाही. हे वर्णन म्हणजे निम्मा निकाल होता. मंदिराच्या जुन्या खटल्यांवर वाद्यांची भिस्त होती. हायकोर्टाने फरक दाखवला. मंदिराच्या बाबतीत पिढ्यान्पिढ्यांच्या प्रथेवरून ते वरच्या जातींसाठीच अर्पण झाले असावे असे गृहीत धरता येईल, आणि मग आपलाही त्यात वाटा आहे हे सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर येऊ शकेल. पण अशा तळ्याच्या बाबतीत तसे काही गृहीत धरता येत नाही. भार जिथे होता तिथेच राहिला, आणि वाद्यांना तो पेलला नाही.

त्याच निकालात एक कंसातले वाक्य आहे. त्याचा अर्थ असा, की रूढी शाबीत झाली असती तर ती अन्यायाची किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, हे पाहावे लागले असते, पण ती हरकत खालच्या कोर्टांत रीतसर घेतलेली नव्हती. आपल्या बाजूची ही एक उणीव होती, आणि ती लपवायचे कारण नाही. वकिली करणाऱ्या आपल्या तरुणांनी ते वाक्य जरूर शोधून वाचावे. कैफियतीत जे लिहिले नाही, ते हायकोर्टात आठवून उपयोग नसतो. दुसऱ्या अपिलात कायद्याचा मुद्दा चालतो, नवा पुरावा सहसा येत नाही. तालुक्याच्या कोर्टात दाखल झालेला कागदच शेवटपर्यंत सोबत असतो.

या नऊ वर्षांत बाबासाहेबांच्या आयुष्यात काय काय चालले होते? सायमन आयोगापुढची साक्ष, काळाराम मंदिराचा सत्याग्रह, तीन गोलमेज परिषदा, १९३२ चा पुणे करार, मे १९३५ मध्ये रमाईंचे निधन, त्याच वर्षी ऑक्टोबरात येवल्याची घोषणा. १९३७ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे ते मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि पुढच्याच महिन्यात हा निकाल लागला. एवढ्या वावटळीत एका तालुक्याच्या कोर्टातला दिवाणी दावा सुटला नाही. आपल्या कित्येक संघटनांचे दावे मोर्चा संपला की तारखेला कोणी न गेल्याने काढून टाकले जातात, तेव्हा ही गोष्ट आठवते.

याच काळात ते कायदा शिकवतही होते. १९२८ पासून शासकीय विधि महाविद्यालयात, आणि १९३५ पासून तिथलेच प्राचार्य म्हणून. पुराव्याच्या कायद्यावर, मुदतीच्या कायद्यावर, मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यावर त्यांनी काढलेली टिपणे महाराष्ट्र शासनाच्या इंग्रजी ग्रंथमालेच्या १२ व्या खंडात छापलेली आहेत. आपल्या विहारांतल्या कपाटांत तो खंड असतो, बहुधा पाने न उलटलेला.

मार्च १९२८ मध्ये त्यांनी कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक आणले होते. ती वतने अखेर १९५८ च्या कायद्याने गेली आणि जमिनी अटींसह परत देण्याची तरतूद झाली. आज त्या जमिनींचे जे दावे चालतात, त्यांत साधी झेरॉक्स घेऊन कोर्टात उभे राहणारी माणसे मी पाहिली आहेत. झेरॉक्स म्हणजे पुरावा नव्हे. सातबारा, फेरफाराची नोंद, पुनर्प्रदानाचा हुकूम, ग्रामपंचायतीचा ठराव, यांची सहीशिक्क्याची नक्कल लागते, आणि ती दावा दाखल होण्याआधी काढावी लागते, कारण भांडण उघड झाले की कार्यालयात फाइल सापडेनाशी होते. २००५ पासून माहितीचा अधिकार हाताशी आहे. मोबाइलवर काढलेली चित्रफीत दाखवायची तर कायद्याने ठरवलेले प्रमाणपत्र जोडावे लागते. वाटेचा किंवा बांधाचा वाद असेल, तर जागा पाहण्यासाठी कोर्ट कमिशनर मागता येतो. महाडच्या निकालात तळ्याच्या वर्णनाने जे काम केले, तेच काम कमिशनरचा नकाशा करतो. आणि साक्षीला उभ्या राहणाऱ्या आजोबांना पढवून पाठवू नये. पूर्वापार, पूर्वापार असे दहा वेळा म्हणणारा साक्षीदार उलटतपासणीत दोन प्रश्नांत संपतो. मी अमक्या साली, अमक्याच्या मयतीला, या वाटेने तिरडी नेली, असे सांगणारा टिकतो.

१९४९ साली संविधान मंजूर झाले. त्यातल्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापराला जातीच्या कारणाने कोणी आडकाठी करू नये, असे ठरवले. मसुदा समितीचे अध्यक्ष ज्या दाव्यात नऊ वर्षे प्रतिवादी होते, तो दावाही एका तलावाचाच होता. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. १९३८ च्या कायदेविषयक निवाड्यांत त्या दाव्याचा निकाल छापलेला आहे, नरहरी दामोदर वैद्य विरुद्ध भीमराव रामजी आंबेडकर या नावाने.