रुपयाचा प्रश्न, घरचा आणि प्रबंधातला

संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्याच्या आयुष्यात सांगण्यासारखे फारसे काही घडत नाही. सकाळी ग्रंथालय, दुपारी ग्रंथालय, संध्याकाळी खोलीवर परत, रात्री पुन्हा कागद. असा एक दिवस दुसऱ्यासारखा जातो आणि वर्षे उलटतात. चरित्रकारही या वर्षांवरून घाईने पुढे सरकतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बाबतीत तर पुढचा काळ इतका मोठा, की महाड, नाशिक, पुणे करार, राज्यघटना, नागपूर या टप्प्यांकडे जाण्याच्या ओढीत लंडनमधला तो अर्धपोटी विद्यार्थी मागेच राहतो. त्याच्याजवळ थोडे थांबावे, यासाठी हा प्रपंच.

या कथेची सुरुवात होते ती १९१३ साली. त्या वर्षी फेब्रुवारीत सुभेदार रामजी वारले. जुलैत त्यांचा बावीस वर्षांचा मुलगा न्यूयॉर्कला पोहोचला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. त्या वेळच्या पंधरा रुपयांना पौंड या दराने हे पावणेदोनशे रुपयेसुद्धा होत नव्हते. त्यातूनच फी, राहणे, जेवण भागवायचे आणि घरीही पाठवायचे. मोबदल्यात परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार होता.

पहिले काही महिने भीमराव नव्या शहराच्या मोकळेपणात रमले. खेळ झाले, मित्रमंडळ झाले. अस्पृश्य म्हणून कोणी दूर सारत नाही, हा अनुभवच त्यांना नवा होता. मग एके रात्री आपण येथे कशासाठी आलो आहोत, या विचाराने त्यांना घेरले आणि तेथून पुढे अभ्यासाने जी पकड घेतली ती सुटली नाही. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र होतेच, त्याच्या जोडीला समाजशास्त्र, इतिहास, तत्त्वज्ञान आणि मानववंशशास्त्रही त्यांनी घेतले. १९१५ मध्ये ते एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींच्या उगमावर निबंध वाचला. हिंदुस्थानच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटपावरील प्रबंधही त्याच वर्षी सादर झाला. नाटक-चैनीवर खर्च होणारा पैसा जुन्या पुस्तकांच्या दुकानांत जाऊ लागला. सुमारे दोन हजार पुस्तके त्यांनी जमवली होती, असे चरित्रकार सांगतात.

ऑक्टोबर १९१६ मध्ये ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये कायद्यासाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी त्यांनी नाव घातले. काम रंगात आले आणि १९१७ च्या उन्हाळ्यात शिष्यवृत्ती संपली. विद्यापीठाने चार वर्षांच्या आत परत येण्याची मुभा दिली, एवढाच दिलासा. महायुद्धाचे दिवस होते. भीमराव एका बोटीने निघाले, सामान दुसरीने. सामानाच्या बोटीला पाणतीराने गाठले आणि पुस्तके समुद्राच्या तळाशी गेली. बुडालेल्या सामानाची जी भरपाई मिळाली, तीच पुढे बडोद्याला नोकरीवर रुजू होण्याच्या प्रवासखर्चाला उपयोगी पडली. ज्या पैशाची पुस्तके झाली होती, त्याचे शेवटी रेल्वेचे तिकीट झाले.

बडोद्यात काय घडले ते सर्वश्रुत आहे. परदेशात शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी कसाबसा आसरा घेतला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना सामान घेऊन बाहेर पडावे लागले. एका बागेत बसून त्यांनी मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. जमाव पारशांचा होता आणि पुढे अडीअडचणीला पैसा देणारे नवल भथेना हे न्यूयॉर्कपासूनचे मित्रही पारशीच होते. हिशेब मांडताना ही दोन्ही नावे त्यांच्या खात्यावर आहेत.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले. पगार साडेचारशे रुपये. परळच्या चाळीतल्या कुटुंबाला हा पगार म्हणजे मोठाच आधार होता. पण रमाबाईंच्या हाती ठरावीक रक्कम देऊन उरलेली गाठीला बांधायची, हा नेम ठरलेला. अपुरा राहिलेला प्रबंध त्यांना स्वस्थ बसू देत नव्हता. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली. स्वतःची बचत, शाहू महाराजांचे पंधराशे रुपये आणि भथेनांकडून उसने घेतलेले पाच हजार एवढ्या शिदोरीवर त्याच वर्षी जुलैत ते पुन्हा लंडनला निघाले. वय एकोणतीस, पदरी संसार, महिन्याची मिळकत शून्य. या पायरीवर उभा असलेला संशोधक आजही आपल्याला घरोघर भेटेल.

लंडनमधला दिवस पहाटे सुरू होई. घरमालकीण हात आखडून वाढणारी. न्याहारीला चहा, पावाचा तुकडा आणि चवीपुरते काहीतरी. तेवढ्यावर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय गाठायचे ते दार उघडताना आणि निघायचे ते दार बंद होताना. दुपारचे जेवण ही चैन परवडणारी नव्हती आणि त्यात वेळही जाई. शिवाय इंडिया ऑफिसचे आणि लंडन विद्यापीठाचे ग्रंथालय होतेच. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा वाचन. दहाच्या सुमारास भूक उसळे. ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे आणि कपभर पेयाबरोबर खायचे. खोलीतले सोबती मध्यरात्री जागे होत, तेव्हा समोर दिवा आणि पुस्तकावर वाकलेली आकृती दिसे. ते झोपण्याचा आग्रह करीत. भीमरावांचे म्हणणे एवढेच असे, की खायला पैसा नाही आणि झोपायला वेळ नाही.

आणि या विद्यार्थ्याने प्रबंधाला विषय घेतला होता तो रुपयाचा!

१८९३ मध्ये सरकारने टांकसाळी खुल्या नाणेपाडणीला बंद केल्या. तोवर कोणीही चांदी देऊन रुपये पाडून घेऊ शके. पुढे रुपयाची किंमत चांदीपासून तुटली आणि ती सोळा पेन्सांना, म्हणजे एक शिलिंग चार पेन्सांना बांधली गेली. सोन्याचे नाणे चलनात नाही, पण परदेशी देण्याघेण्यापुरता रुपया सोन्याशी जोडलेला, अशी ही सुवर्ण विनिमय पद्धत. केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने १९१३ च्या आपल्या ग्रंथात तिची तरफदारी केली होती. आंबेडकरांनी नेमके त्यावरच बोट ठेवले. या पद्धतीत रुपये किती काढावेत याला सरकारवर खरा लगाम राहत नाही, रुपये वाढले की त्यांची खरेदीशक्ती घटते, आणि लंडनमधला दर स्थिर राखला म्हणजे मुंबईच्या बाजारातली धान्याची किंमत स्थिर राहते असे नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. रुपया घसरला की निर्यातदाराला फायदा होतो, पण मजुरी भावांच्या मागे राहते. त्यामुळे तो फायदा मजुराच्या खिशातून येतो, हे त्यांनी दाखवून दिले. चाळीत वाढलेल्या माणसाला हे आकडे परके नव्हते.

विषय केवळ कागदावरचाही नव्हता. १९२० च्या आरंभी दोन शिलिंगांच्याही वर चढलेला रुपया १९२१ मध्ये सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. दोन शिलिंगांचा दर टिकवण्याचा सरकारी प्रयत्न फसला होता. दहा रुपयांना मिळणाऱ्या पौंडाला आता सोळा रुपये पडू लागले. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचे लंडनमध्ये कमी पाव येऊ लागले. सप्टेंबर १९२१ मध्ये भीमरावांनी शाहू महाराजांना पत्र लिहून दोनशे पौंडांचे कर्ज मागितले. मे १९२२ मध्ये महाराजही गेले.

या सगळ्यात जून १९२१ मध्ये प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकेंद्रीकरणावरील प्रबंधाला एम.एस्सी. मिळाली. ग्रेज इनमधून बॅरिस्टरीही पुरी झाली. ऑक्टोबर १९२२ मध्ये रुपयावरचा प्रबंध डी.एस्सी.साठी सादर झाला आणि जर्मनीत बॉनला जाऊन पुढचा अभ्यास करण्याची खटपट सुरू झाली. तेवढ्यात मार्च १९२३ मध्ये मार्गदर्शक एडविन कॅनन यांच्याकडून बोलावणे आले. परीक्षकांना ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली होती. प्रबंध नव्याने लिहून आणावा, असे ठरले.

प्रबंध परत आलेल्या विद्यार्थ्याची अवस्था ज्याने अनुभवली असेल त्यालाच कळेल. येथे तर गाठ रिकामी झालेली. लंडनमध्ये राहून पुनर्लेखन करणे शक्यच नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले. वकिलीच्या सनदेचे पैसेही नव्हते, ते भथेनांनी दिले. परळच्या त्याच चाळीत बसून त्यांनी प्रबंध पुन्हा लिहिला. मांडणी बदलली, निष्कर्ष बदलले नाहीत. ऑगस्टमध्ये कागद लंडनला रवाना झाले आणि वर्षअखेर पदवीही आली, ग्रंथही निघाला. कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. आपल्याला यातला बराच युक्तिवाद पटत नाही हे त्यांनी तीत स्पष्ट नोंदवले आणि विचारांच्या ताजेपणाला दादही दिली. कोलंबियाची पीएच.डी. मात्र आणखी लांबली. छापील प्रती दाखल केल्याखेरीज तेथे पदवी मिळत नसे. १९२५ मध्ये प्रांतिक वित्तावरचा ग्रंथ निघाला आणि १९२७ मध्ये पदवी पदरात पडली. त्याच वर्षी महाडचा सत्याग्रह झाला होता.

या पदव्यांची किंमत केवळ पौंडांत मोजता येत नाही. पाच अपत्यांपैकी एकटे यशवंत वाढले. बाकीची चार लहानपणीच गेली. नवरा समुद्रापलीकडे असताना रमाबाईंनी जो संसार ओढला त्याचा हिशेब कोणत्याही प्रबंधाच्या परिशिष्टात आलेला नाही. १९३५ मध्ये त्या गेल्या. स्वतःच्या जिद्दीची वाहवा होते तेव्हा तिची अर्धी रक्कम कोणी भरली, हेही विचारायला हवे.

डिसेंबर १९२५ मध्ये चलनविषयक शाही आयोगापुढे, म्हणजेच हिल्टन यंग आयोगापुढे, आंबेडकरांची साक्ष झाली. ज्या रुपयाने लंडनमध्ये उपाशी ठेवले, त्याच्याविषयी आता सरकारच त्यांचे मत विचारीत होते. १९२१-२२ मध्ये ते राहत होते ते किंग हेन्रीज रोडवरचे १० क्रमांकाचे घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतले. तेथे आता त्यांचे स्मारक आहे. त्यासाठी जे मोजले गेले त्याच्या एका कणात त्यांची तिथली सगळी वर्षे पोटभर जेवणात गेली असती.

रुपयावरचा तो ग्रंथ आंबेडकरांनी आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. परळच्या एका खोलीत सुभेदार स्वतः जागे राहून मुलाला रात्री दोन वाजता अभ्यासाला उठवीत. त्याला पुस्तक हवे असले, की लेकीकडे जाऊन एखादा दागिना मागून आणीत आणि तो गहाण ठेवून पुस्तक घरी येई. भीमरावांना रुपयाची खरी किंमत पहिल्यांदा तेथेच कळली असावी.