विल्हेल्म मायबाख

जर्मनीत हाइलब्रॉन नावाचे गाव आहे. तेथे ९ फेब्रुवारी १८४६ रोजी एका सुताराच्या घरी विल्हेल्म मायबाख यांचा जन्म झाला. घरात पाच भाऊ होते. पुढे हे कुटुंब स्टुटगार्ट शहरात राहायला गेले. विल्हेल्म आठ वर्षांचा असताना त्याची आई वारली. तो दहा वर्षांचा झाला आणि वडीलही गेले. पाच मुले पोरकी झाली. या मुलांना कोणीतरी आधार द्यावा, अशी विनंती ओळखीच्या लोकांनी वर्तमानपत्रात छापली. तेव्हा रॉयट्लिंगेन येथील एका आश्रमाने विल्हेल्मला आपल्याकडे घेतले. गुस्टाव वेर्नर नावाचे एक धर्मोपदेशक हा आश्रम चालवत असत. आपण ज्याला यतीमखाना म्हणतो, तसाच तो होता. पण तेथे मुलांना नुसते जेवण आणि कपडे मिळत नसत, हाताला कामही शिकवले जाई. आश्रमाचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता.

विल्हेल्मचा हात चित्रकलेत चांगला होता. म्हणून त्याला यंत्रांचे आराखडे काढण्याच्या कामावर बसवले. दिवसा काम आणि संध्याकाळी गावातल्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान, असा त्याचा क्रम होता. १८६३ मध्ये गॉटलीब डाइमलर नावाचे तरुण इंजिनिअर त्या कारखान्याचे प्रमुख झाले. हा मुलगा साधा नाही, हे त्यांच्या लवकरच लक्षात आले. त्यानंतर डाइमलर ज्या ज्या कारखान्यात गेले, तेथे त्यांनी मायबाखना बोलावून घेतले. डाइमलर कल्पना मांडत, पैसा उभा करत, लोकांशी बोलत. मायबाख कमी बोलत आणि कागदावर रेघा ओढत. ही जोडी पस्तीस वर्षे टिकली.

त्या काळातील इंजिने म्हणजे धूड असत. ती कारखान्यात एका जागी उभी राहून यंत्रे फिरवत. त्यांचे मिनिटाला दीडदोनशेच फेरे होत. गाडीत बसेल असे लहान आणि वेगवान इंजिन करावे, असे डाइमलर आणि मायबाख यांच्या मनात होते. १८८२ मध्ये दोघे नोकरी सोडून कानश्टाट या गावी आले. डाइमलर यांच्या बागेत काचेचे एक घर होते. तेथे त्यांनी आपली कार्यशाळा मांडली. रात्रंदिवस आतून हातोड्यांचे आवाज येत. आत काय चालले आहे, हे कोणालाच माहीत नव्हते. बागेच्या माळ्याला वाटले, हे लोक खोटी नाणी पाडत असावेत! त्याने पोलिसांना खबर दिली. पोलीस आले, त्यांनी झडती घेतली. पण आत इंजिनाशिवाय काही सापडले नाही.

१८८३ मध्ये मिनिटाला सुमारे ६०० फेरे फिरणारे इंजिन तयार झाले. १८८५ मध्ये त्यांनी अशा इंजिनाची एक लाकडी दुचाकी केली. डाइमलर यांचा मुलगा तीवर बसून निघाला, तेव्हा खालच्या उष्णतेने बसण्याच्या जागेनेच पेट घेतला, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून हसू येते. पण पुढची अनेक वर्षे मायबाख यांना याच उष्णतेशी झगडावे लागले.

इंजिनात पेट्रोल जळते. त्यातून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा थोडाच भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो. बाकीची उष्णता धुराबरोबर आणि इंजिनाच्या धातूतून बाहेर जाते. ती काढून टाकली नाही, तर तेल जळते, धातू फुगतो आणि दट्ट्या नळकांड्यात अडकून बसतो. म्हणून इंजिनाभोवती पाणी खेळवतात. पण ते पाणी कसे थंड करायचे? सुरुवातीच्या गाड्यांत पाणी सरळ उकळून वाफ होई आणि वाटेत पुन्हा पुन्हा भरावे लागे. १८८९ च्या गाडीत मायबाख यांनी गाडीच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांतूनच पाणी फिरवले. ही युक्ती छान होती. पण मोठ्या इंजिनाला ती पुरणारी नव्हती. १८९७ मध्ये त्यांनी बारीक नळ्यांचा रेडिएटर केला.

याच काळात त्यांच्या वाट्याला एक कडू अनुभवही आला. १८९० मध्ये डाइमलर यांच्या नावाने कंपनी निघाली. पैसे घालणाऱ्या लोकांनी मायबाख यांना जो करार देऊ केला, तो त्यांना मान्य होण्यासारखा नव्हता. ते कंपनीतून बाहेर पडले आणि एका रिकाम्या हॉटेलच्या जागेत काम करू लागले. डाइमलर यांनी त्यांना मदत केली. १८९३ मध्ये त्यांनी पेट्रोलचा बारीक फवारा उडवणारा कार्ब्युरेटर तयार केला. अखेर १८९५ मध्ये कंपनीलाच त्यांना परत बोलवावे लागले.

मार्च १९०० मध्ये डाइमलर वारले. त्याच महिन्यात फ्रान्समधील नीस शहराजवळ, चढावरच्या शर्यतीत कंपनीच्या एका उंच, जड गाडीच्या अपघातात तिचा चालक मरण पावला. एमिल येलिनेक नावाचे श्रीमंत गृहस्थ कंपनीच्या गाड्या विकत असत. त्यांनी ३६ गाड्यांची मागणी नोंदवली. पण गाडी लांब, बुटकी आणि अधिक ताकदीची हवी, अशी अट घातली. गाडीला त्यांच्या मुलीचे नाव द्यायचे होते. ते नाव मर्सिडीज. मित्राच्या मृत्यूनंतर मायबाख यांनी ही गाडी उभी केली. तिचे इंजिन ३५ अश्वशक्तीचे होते.

एवढ्या इंजिनाची उष्णता काढायची कशी? मायबाख यांनी ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या ८०७० लहान नळ्या एकमेकींना जोडल्या. समोरून पाहिले की मधाचे पोळे वाटावे. नळ्यांतून वारा जाई आणि नळ्यांच्या मधल्या अरुंद फटींतून पाणी वाही. पाण्याचा पातळ पदर झाला की वाऱ्याला तो चटकन थंड करता येतो. त्यामुळे फक्त ९ लिटर पाणी पुरू लागले. पण गाडी चढावर हळू चालते तेव्हा वारा कमी लागतो आणि इंजिन मात्र सर्वांत जास्त तापते. म्हणून रेडिएटरच्या मागे त्यांनी एक पंखा बसवला. वारा नसेल तर तो गाडीनेच ओढून घ्यावा! मार्च १९०१ मध्ये नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्या सर्व गाड्यांना मागे टाकले.

तुमच्यापैकी कोणाचे अब्बा किंवा मामू गॅरेजमध्ये काम करत असतील, तर त्यांना विचारा. गाडी धावताना ठीक असते, पण सिग्नलला उभी राहिली की तापमानाचा काटा वर चढतो, अशी तक्रार आली तर मिस्त्री आधी पंखा पाहतो. धावतानाही काटा चढत असेल, तर पाणी कमी झाले आहे किंवा रेडिएटर तुंबला आहे, असा त्याला संशय येतो. जुन्या गाड्यांत पंखा पट्ट्यावर फिरे. पट्टा सैल झाला की पंखा मंद होई. आता तो विजेवर फिरतो. म्हणून आधी फ्यूज बघतात, मग तारा, आणि मग पंख्याला बॅटरीची वीज थेट देऊन पाहतात. पंखा फिरला, तर दोष त्याला चालू करणाऱ्या स्विचमध्ये किंवा रिलेमध्ये आहे. फिरला नाही, तर पंख्याची मोटारच जळाली आहे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते. ते उसळून तोंड भाजते. इंजिन बंद असले तरी विजेचा पंखा अचानक फिरू शकतो, म्हणून त्यात हात घालू नये.

मर्सिडीज गाडी जगभर गाजली. फ्रान्समध्ये तर लोक मायबाख यांना गाड्या घडवणाऱ्यांचा राजा म्हणू लागले. पण गाडीवर नाव येलिनेक यांच्या मुलीचे आणि कंपनीवर नाव डाइमलर यांचे. मायबाख यांचे नाव कोठेच नव्हते. पुढे कंपनीत त्यांना हळूहळू बाजूला सारले गेले आणि १९०७ मध्ये त्यांनी ती सोडली. तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते.

घरी बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. काउंट झेपेलिन यांच्या हवाई जहाजांना भरवशाची इंजिने हवी होती. १९०९ मध्ये त्यासाठी नवी कंपनी निघाली आणि मायबाख यांचा मुलगा कार्ल तिचा प्रमुख झाला. १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यापीठाने मायबाख यांना सन्माननीय डॉक्टर ही पदवी दिली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीला विमानांची इंजिने करण्यास बंदी झाली, तेव्हा कार्ल मोटारींकडे वळला. १९२१ मध्ये त्याने आपली पहिली मोटार लोकांसमोर आणली. त्या मोटारीवर मायबाख हे नाव होते. वडील तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे होते.

२९ डिसेंबर १९२९ रोजी स्टुटगार्ट येथे विल्हेल्म मायबाख वारले. कानश्टाटच्या कबरस्तानात डाइमलर यांच्या कबरीजवळच त्यांना दफन करण्यात आले.