चापूचा मलिक अंबर झाला, त्याची गोष्ट

आपल्या घराण्याचं मूळ शोधायचं तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वह्या आहेत. पण ज्याला पोरवयातच विकलं, त्याचं काय? मलिक अंबर असाच. जन्म साधारण 1548 चा, इथिओपियातला, नाव चापू. मोखा, बगदादच्या बाजारांतून तो दख्खनला आला. अंबर हे नाव मालकाने ठेवलेलं. इथे त्याला विकत घेणारा अहमदनगरचा पेशवा चंगेजखान स्वतःही कधीकाळी गुलामच होता.

मालक वारल्यावर अंबर सुटला, फौज जमवत गेला आणि 1600 नंतर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. वऱ्हाड 1596 मध्येच मुघलांकडे गेलं होतं. आपल्या अकोला जिल्ह्यातलं बाळापूर हे त्यांचं ठाणं. त्यांच्या फौजांना त्याने मराठा घोडेस्वारांसोबत गनिमी काव्याने जेरीस आणलं. 1610 मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. जहांगीर त्याला कायमचं संपवू शकला नाही. शेवटी त्याच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं चित्रच काढून घेतलं!

1626 मध्ये तो वारला. कबर खुलदाबादला आहे. पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी त्याला भेटला होता. त्याने अंबरची मोख्यातली किंमतही लिहून ठेवली: 20 डुकाट. वंशावळीच्या जागी त्याच्या नावावर हा एवढा आकडा आहे, आणि एक अख्खं शहर.