एकेकाळी पोलिसात असलेल्या भागोजी नाईकांनी इंग्रजांना दोन वर्षं झुंजवलं

१८५७ म्हटलं की आपल्याला मेरठ, कानपूर, झाशी आठवतं. पण त्याच वर्षी पुणे-नाशिक रस्त्यावरच्या एका गावातही बंडाची ठिणगी पडली होती. गाव सिन्नर तालुक्यातलं नांदूर शिंगोटे आणि बंडाचे म्होरके तिथलेच भिल्ल पुढारी, भागोजी नाईक.

भागोजी आधी अहमदनगरच्या पोलिसात होते. १८५५ मध्ये दंगा करणं आणि पोलिसांना अडथळा आणणं, या आरोपांवरून त्यांना कैद झाली. सुटल्यावर वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी जामीन द्यावा लागला. ते वर्ष सरतंय तोच सरकारने सगळ्यांची हत्यारं काढून घ्यायचा हुकूम सोडला. मग मात्र भागोजींनी गाव सोडलं. त्यांच्या शब्दाला वजन होतं. बघता बघता पन्नासेक भिल्ल गोळा झाले आणि गावापासून मैलभरावर रस्ता अडवून बसले.

४ ऑक्टोबर १८५७. पोलीस अधीक्षक लेफ्टनंट हेन्री ३० शिपाई आणि तलवारी घेतलेले महसूल खात्याचे २० लोक घेऊन नांदूरला आला. आधी मामलेदारांकरवी शरण येण्याचा निरोप गेला. भागोजींनी दोन अटी घातल्या. दोन वर्षांचा मागचा पगार द्या आणि पुढे पोटापाण्याची सोय लावा.

उत्तर म्हणून पोलिसांना चढाईचा हुकूम मिळाला. भिल्लांच्या गोळीबारात हेन्री जखमी होऊन पडला, पुन्हा उठला आणि छातीत गोळी लागून मारला गेला.

या बातमीने भिल्लांच्या वस्त्या पेटल्या. राहुरीकडे शंभर जणांची वेगळी टोळी उभी राहिली. मुलूखही बंडखोरांना सोयीचा होता. पश्चिमेला सह्याद्री, तर पूर्वेला गोदावरीच्या खोऱ्यात निजामाची हद्द.

नेहमीची फौज इथे पुरी पडेना. तेव्हा कॅप्टन नटॉलने जुन्नर, अकोले आणि नाशिकच्या डोंगरातल्या कोळ्यांची पलटण उभारली. जावजी नाईक बांबळे तिचे प्रमुख. वाटा ओळखणारी माणसंच आता भागोजींच्या मागावर होती.

जुलै १८५९ मध्ये संगमनेरजवळच्या चकमकीत भागोजींचा मुलगा यशवंत मारला गेला. तरीही ते थांबले नाहीत. ऑक्टोबरात त्यांनी कोपरगावकडचं कोऱ्हाळे लुटलं. अखेर ११ नोव्हेंबर १८५९ रोजी सिन्नर तालुक्यातल्या मिठसागरेजवळ पोलीस अधिकारी सूटरने त्यांना गाठलं. भिल्ल जिवावर उदार होऊन लढले आणि त्या लढाईत भागोजी पडले.

मार्च १८६१ मध्ये कोळ्यांची पलटणही मोडण्यात आली. त्यातल्या मोजक्यांनाच पोलिसात नोकरी मिळाली, बाकीचे पुन्हा आपापल्या गावी शेतात राबायला गेले.