आचार्य विनोबा भावे : आहार, श्रम आणि संयम

जन्माने जैन नसलेल्या पुरुषाचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सर्व आम्नायांना मान्य होईल असा जैन धर्माचा एकच सारग्रंथ ज्यांच्या आग्रहामुळे सिद्ध झाला आणि ज्यांनी आहारत्याग करून भगवान महावीरांच्या निर्वाणदिनीच देह ठेवला, त्या आचार्य विनोबांना आपण परके कसे मानावे?

विनायक नरहरी भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या खेड्यात झाला. मातोश्री रुक्मिणीबाई अत्यंत धर्मशील. तुळशीला पाणी घातले की नाही हे विचारल्यावाचून त्या मुलाच्या पानात अन्न वाढीत नसत. आपल्या पोटाआधी झाडाची तहान, हा धडा विनोबांना घरीच मिळाला.

७ जून १९१६ रोजी अहमदाबादजवळील कोचरब आश्रमात ते गांधीजींना प्रथम भेटले, तेव्हा गांधीजी भाजी चिरीत होते. त्यांनी पाहुण्याच्या हातीही चाकू दिला. थोर पुढारी स्वयंपाकाचे काम करतो, हे त्या तरुणास नवलच होते. भाजी चिरण्याचा त्यांचाही तो पहिलाच प्रसंग. आश्रमात मसाल्यांना स्थान नव्हते. साधे, शाकाहारी आणि स्वतःच्या श्रमाने सिद्ध केलेले अन्न हाच तेथील नियम होता, आणि विनोबांनी तो जन्मभर सांभाळला.

१९२१ साली ते वर्ध्यास आले. तेथे व पुढे नालवाडीस सूत कातून जी मजुरी मिळेल तेवढ्यातच भोजन करावयाचे, असा प्रयोग त्यांनी केला. गरिबाच्या ताटात काय पडते ते स्वतःच्या पोटाने जाणावे, हा त्यामागील हेतू. हेतू थोर खरा. पण देह पार झिजला. १९३८ मध्ये वजन ८८ पौंडांवर उतरले. या कठोरतेचे सरसकट अनुकरण कोणी करावे, असे प्रस्तुत लेखकास वाटत नाही. गांधीजींनी थंड हवेच्या ठिकाणी जाण्यास सुचविले, तेव्हा विनोबांनी धाम नदीकाठचे पवनार निवडले. सर्व चिंता बाजूस ठेवून, आरंभी थोडा वेळ व पुढे क्रमाक्रमाने अधिक, ते शेतात खणू लागले. मोकळी हवा, साधा आहार आणि कुदळ हेच त्यांचे औषध. काही महिन्यांत वजन सुमारे ४० पौंडांनी वाढले.

१९५० च्या सुमारास पवनारला त्यांनी ऋषिशेती आरंभिली. तीत बैल नाही, केवळ माणसाचे हात. रहाटही माणसांनीच ओढावयाचा. ज्वारी-तुरीच्या आपल्या चारठाणा पंचक्रोशीत बैलावाचून शेती ही कल्पनाच अवघड वाटेल. तरी कोणत्याही जिवावर भार न टाकता भाजीपाला पिकवावा, हा विचार आपल्या अहिंसेच्या किती जवळचा आहे!

१८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे १०० एकरांचे पहिले भूदान मिळाले. ते गाव तेव्हा आपल्या परभणी जिल्ह्याप्रमाणेच हैदराबाद राज्यात होते, याची नव्या पिढीस क्वचितच जाणीव असते. भूदानाचा आणि ताटाचा संबंध सरळ आहे. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे फार. जनावरास धान्य चारून मांस मिळवावयाचे, तर एका किलोसाठी कित्येक किलो धान्य खर्ची पडते. तेच धान्य व डाळ थेट माणसाच्या मुखी गेली, तर तितक्याच जमिनीवर अधिक माणसे जगतात. पाणी आणि रानही वाचते. भाकरी, वरण व पालेभाजी हे आपले नित्याचे जेवण या दृष्टीनेही विचार करण्याजोगे आहे.

सुमारे तेरा वर्षे ते देशभर पायी फिरले. जठरव्रणाचा जुना विकार सोबत होता. दूध-दही त्यांनी वर्ज्य केले नाही. किंबहुना दही व मध हाच त्या काळी त्यांचा मुख्य आधार राहिला. आहार ज्याने त्याने आपली प्रकृती पाहून ठरवावयाचा असतो.

१९७४ साली, भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवप्रसंगी, त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णीजींनी गाथांचे संकलन केले. दिल्लीच्या संगीतीत सर्व आम्नायांच्या मुनिजनांनी व विद्वानांनी एकत्र बसून त्यावर विचार केला आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सर्वमान्य झाले. शतकानुशतके न घडलेली ही गोष्ट होती.

५ नोव्हेंबर १९८२ रोजी विनोबांना हृदयविकाराचा झटका आला. आरंभी उपचार झाले. पण ८ तारखेपासून त्यांनी अन्न, पाणी व औषध घेणे थांबविले. अनेकांनी विनविले, निश्चय ढळला नाही. आपल्या परंपरेत ज्यास सल्लेखना म्हणतात, तिच्याशी या त्यागाचे साम्य कोणाही जैन श्रावकास सहज जाणवेल. १५ नोव्हेंबर रोजी, दीपावलीच्या अमावास्येस, पवनारच्या आश्रमात त्यांनी शांतपणे देह ठेवला आणि धाम नदीच्या तीरावरच त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले.