भेग न लपवणारा सुतार



सुतार फळी निवडतो तेव्हा सरळ, बिनगाठीची फळी आधी उचलतो. चिरलेली फळी बाजूला पडते आणि शेवटी सरपणात जाते. अशाच नाकारलेल्या लाकडाला घरात मानाची जागा देणारे एक थोर कॅथलिक कारागीर विसाव्या शतकात होऊन गेले. त्यांचे नाव जॉर्ज नाकाशिमा.

२४ मे १९०५ रोजी अमेरिकेतील स्पोकेन शहरी, जपानहून आलेल्या कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९३० साली एमआयटी या नामांकित संस्थेतून त्यांनी वास्तुकलेची उच्च पदवी घेतली. पुढे टोकियोत ते अँटोनिन रेमंड या वास्तुविशारदांकडे काम करू लागले. रेमंड यांनी त्यांना पाँडिचेरीस पाठवले. तेथे श्री अरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंडे’ या निवासाचे बांधकाम त्यांनी सांभाळले. याच इमारतीसाठी त्यांनी पहिल्यांदा लाकडी सामानाचे आराखडे केले.

अमेरिकेस परतल्यावर सिअ‍ॅटल शहरात मेरीनोल मिशनच्या मुलांच्या क्लबात त्यांनी छोटी कार्यशाळा थाटली. जागेच्या मोबदल्यात ते तेथील मुलांना सुतारकाम शिकवीत. १९४१ साली त्यांचा विवाह झाला. त्याच वर्षअखेरीस अमेरिका व जपान यांच्यात युद्ध पेटले. १९४२ साली अमेरिकन सरकारने जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना घरादारातून उठवून छावण्यांत डांबले. त्यांपैकी बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. नाकाशिमा, त्यांची पत्नी मेरियन आणि तान्ही मुलगी मीरा यांची रवानगी आयडाहो राज्यातील मिनिडोका छावणीत झाली.

कोणीही खचून जावे असा तो प्रसंग होता. पण त्याच छावणीत त्यांना गेंतारो हिकोगावा हे जपानी परंपरेत तयार झालेले सुतार भेटले. दोन विद्यापीठांत शिकलेला हा वास्तुविशारद त्यांच्या हाताखाली शिकू लागला. करवत व पटाशी कशी धरावी, खिळ्याविना सांधा कसा बसवावा, हे सारे तेथे त्यांच्या हातात आले. बांधकामातून उरलेल्या लाकडांच्या तुकड्यांतून त्यांनी छावणीतील ओक्याबोक्या खोल्या राहण्याजोग्या केल्या.

१९४३ साली रेमंड यांनी हमी घेतल्यामुळे या कुटुंबाची सुटका झाली. पेनसिल्व्हेनिया राज्यातील न्यू होप या गावी ते स्थायिक झाले. नाकाशिमांनी तेथे स्वतःच्या हातांनी घर आणि कार्यशाळा उभी केली.

त्यांची पद्धत साधी होती. ओंडका चिरून फळ्या दीर्घकाळ वाळू द्यायच्या. झाडाची मूळची वेडीवाकडी कड तासून टाकायची नाही. भेग असेल तर ती लांबी भरून झाकायची नाही. भेगेवर आडवी खाच पाडून तिच्यात फुलपाखराच्या आकाराचा कठीण लाकडाचा तुकडा बसवायचा. दोन्ही टोकांना रुंद आणि मध्ये अरुंद असल्याने तो दोन्ही बाजू धरून ठेवतो व भेग वाढू देत नाही. भेग दिसते, पण टेबल पक्के राहते.

नाकाशिमांनी पुढे कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटातील बेनेडिक्टाईन मठाच्या चर्चचा आराखडा त्यांचाच. उतारवयात त्यांना अक्रोडाचा एक प्रचंड वृक्ष मिळाला आणि प्रत्येक खंडासाठी एक शांतीची वेदी घडवावी असा ध्यास त्यांनी घेतला. पहिली वेदी १९८६ च्या अखेरच्या दिवशी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाईन कॅथीड्रलमध्ये अर्पण झाली. ज्या देशाने त्यांना शत्रू समजून कोंडले, त्याच देशाला त्यांनी शांतीची वेदी दिली! १५ जून १९९० रोजी न्यू होप येथे त्यांचे निधन झाले. पुढे मीरा यांनी कार्यशाळेची धुरा सांभाळली आणि तशीच एक वेदी भारतात ऑरोविल येथेही पोहोचली.

बंधुभगिनींनो, घरातील डुगडुगणारी खुर्ची भंगारवाल्याला देण्याआधी एकदा उलटी करून पाहू या. मुलांना सोबत घेऊन तिचा सैल सांधा बसवू या. आणि भावाभावांत, शेजाऱ्यांत पडलेली भेग? ती झाकून ठेवल्याने आतल्या आत वाढत जाते. दोन्ही बाजूंना घट्ट धरणारे कोणीतरी मध्ये यावे लागते. ते काम आपल्याला करता येईल का, याचा या आठवड्यात विचार करू या.