कोबीच्या मळ्यातलं रॉकेट

१६ मार्च १९२६. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातलं ऑबर्न गाव. शेतात बर्फ पडलेला. चार माणसं लोखंडी सांगाड्याभोवती उभी. सांगाड्यात दोन बारीक नळ्या, वर इंजिन, खाली टाक्या. हेन्री सॅक्स या कारागिराने लांब काठीला बांधलेल्या ब्लोटॉर्चने ते पेटवलं. रॉकेट ४१ फूट वर गेलं आणि अडीच सेकंदांत १८४ फुटांवरच्या कोबीच्या मळ्यात जाऊन आपटलं. पत्नी एस्थर शूटिंग करत होत्या, पण कॅमेरा आधीच थांबला!

द्रवरूप इंधनावर उडालेलं हे जगातलं पहिलं रॉकेट. ते बनवणारे प्राध्यापक म्हणजे डॉ. रॉबर्ट गॉडर्ड.

चेरीच्या झाडावरचा मुलगा

रॉबर्टचा जन्म १८८२चा, वूस्टर शहरातला. तब्येत नाजूक, सतत आजारपण. त्यामुळे शाळेत तो दोन वर्षं मागे पडला. पण घरी खटपट चालूच. एकदा त्याने चक्क ॲल्युमिनियमचा फुगा बनवला. जड झाला, उडालाच नाही. १९ ऑक्टोबर १८९९ रोजी तो करवत घेऊन सुकलेल्या फांद्या छाटायला चेरीच्या झाडावर चढला. तिथे बसल्या बसल्या मंगळावर जाणारं यंत्र त्याच्या डोळ्यांसमोर आलं. पुढे आयुष्यभर ही तारीख त्याने सणासारखी पाळली.

१९११मध्ये क्लार्क विद्यापीठातून पीएचडी झाली. १९१३मध्ये क्षयाने गाठलं, डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण गडी उठून बसला आणि १९१४मध्ये रॉकेटची दोन पेटंट्सही नावावर केली.

अवजार नाही? मग बनवा!

प्रश्न असा होता, की हवा नसलेल्या अवकाशात रॉकेट चालेल का? तपासायचं तर हवा काढलेल्या टाकीत चेंबर टांगून बार उडवायचा आणि धक्का मोजायचा. पण गोची इथेच होती. बाहेर पडलेला वायू टाकीच्या तळावर आदळून उलटा येणार आणि चेंबरला ढकलणार. मग मोजमाप खोटं! गॉडर्ड यांनी पाइप जोडून एक बंद गोल वाटच तयार केली. वायू परत न उसळता तिच्यात गरगर फिरत राही. उत्तर मिळालं. निर्वातात धक्का कमी होत नाही, उलट वाढतो.

स्वतःच्या पगारातून किती दिवस खर्च करणार? १९१७मध्ये स्मिथसोनियन संस्थेने ५,००० डॉलर दिले. १९१८मध्ये सैन्याला नळीतून सुटणारं रॉकेट दाखवायचं होतं, तर नळी टेकवायला त्यांनी संगीतकारांचा नोटेशन ठेवायचा स्टँड वापरला. जुगाड म्हणतात तो हाच!

अग्रलेख आणि शांतता

जानेवारी १९२०मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने अग्रलेखातून त्यांची टर उडवली. ढकलायला हवाच नसेल तर रॉकेट पुढे कसं जाईल, प्राध्यापकाला शाळेतलं विज्ञानही येत नाही, असा सूर. प्रयोग तर आधीच झाला होता! हा घाव खोल बसला. ते आपलं काम फारसं कुणाला दाखवेनासे झाले. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट टेबलासमोर चिकटवून ठेवावी अशी आहे.

१९२९मध्ये एका रॉकेटच्या आवाजाने पोलीस धावत आले आणि मॅसॅच्युसेट्समध्ये उड्डाणांवर बंदी आली. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या शब्दामुळे गुगेनहाइम कुटुंबाने पैसे दिले आणि गॉडर्ड न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलच्या माळरानावर गेले. तिथे छोट्या वर्कशॉपमध्ये जायरोस्कोपने दिशा सांभाळणारी रॉकेट्स घडली. किती तरी फुटली, जळली. दर वेळी सांगाडा गोळा करून पुन्हा सुरुवात.

१० ऑगस्ट १९४५ रोजी घशाच्या कर्करोगाने ते गेले. एस्थर यांनी त्यांच्या वह्या, आराखडे चाळून आणखी १३१ पेटंट्स मिळवली. एकूण आकडा २१४ झाला. १९६०मध्ये अमेरिकी सरकारने त्या वापरापोटी दहा लाख डॉलर मोजले. आणि १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, ‘टाइम्स’ने दुरुस्ती छापली.

करून बघा

कॉलेजच्या फेस्टसाठी मॉडेल रॉकेट बनवताय? पुठ्ठ्याची नळी हाताने कापली की कड वाकडी होते, मग नाक आणि पंख तिरके बसतात आणि रॉकेटही तिरकंच जातं. दोन पट्ट्या जोडून इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच बनवा. एका टोकाला अडणी ठोका, म्हणजे नळी सरकणार नाही. कापायच्या जागी आतून घट्ट बसेल असा नळीचा तुकडा घाला, म्हणजे ती चेपणार नाही. कटर एका जागी पक्का धरा आणि नळी फिरवा. जोर नको, हलके आठ-दहा फेरे घ्या. शेवटी कड पॉलिश पेपरवर घासा.

नळी दोन रुपयांची असो की दोन लाखांची, कड सरळच हवी. आणि त्यासाठीचं अवजार दुकानात नसेल, तर गॉडर्ड यांनी वाट दाखवलीच आहे.